सव्वादोन इंच

आनंदराव गजभियेंना कुणी नुसता आकडा सांगितला की त्यांच्या डोक्यात तिडीक जायची. "दार साडेसहा फुटांचं करा," असं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला ते स्टुलावर बसवत आणि विचारत, "काहून?" मग घरात सगळ्यात उंच कोण, दारातून कपाट न्यायचं आहे का, उंबरठा केवढा, पावसाळ्यात भिंत ओल धरते का, हे सगळं त्या बिचाऱ्याला सांगावं लागे. घाईचा माणूस उठून दुसऱ्या सुताराकडे जाई. सवड असलेला तासभर वैतागे आणि वीस वर्षं न कुरकुरणारं दार घेऊन जाई. लकडगंजात त्यांना पाठीमागे काहूनराव म्हणत. आनंदरावांना ते माहीत होतं, पण त्याचा राग येत नसे. राग यायला त्यांच्याकडे दुसऱ्या पुष्कळ गोष्टी होत्या.

सोळाव्या वर्षी ते आरा मशीनवर ओंडके वाहायला लागले. सुतारकी त्यांच्या घरात कुणी केली नव्हती आणि कुणी करूही दिली नसती. मिस्त्री नुसता आकडा फेकायचा. पाऊण इंच म्हणजे पाऊण इंच, कशासाठी ते विचारायचं नाही आणि हत्यारांच्या पेटीला हात लावायचा नाही. आनंदराव दुरून बघत. सांधा कसा बसतो, कोणत्या लाकडावर रंधा अडतो, हे ते फेकून दिलेल्या तुकड्यांवर घरी करून करून शिकले. छप्पन साली बाप, बायको आणि अर्ध्या वस्तीबरोबर त्यांनी दीक्षा घेतली. परत येताना बापाने विचारलं, आता पुढे काय, तर म्हणाले, "आता विचारीन." पुढच्याच वर्षी त्यांनी मशीन सोडली आणि एका लाकडाच्या डेपोमागे टिनाच्या शेडमध्ये स्वतःचं काम सुरू केलं.

त्यांच्याकडे खेळाची कामं जास्त येत. शाळांचे पॅरलल बार, आखाड्यांचे मल्लखांब, लाकडी डंबेल्स. या कामात माणसाचं अंग लाकडावर पडतं आणि लाकूड फसलं तर हात मोडतो, म्हणून लोक काहूनरावांचा छळ सोसत. चोवीस वर्षांत त्यांच्या हातचं एकही काम परत आलं नव्हतं. हे ते स्वतः कुणाला सांगत नसत. त्यांची बायको कौसल्याबाई सांगे, आणि ती सांगत असताना आनंदराव तिथून उठून जात नसत.

एक्याऐंशी सालच्या जूनमध्ये त्यांच्या शेडपुढे एक सायकल रिक्षा थांबली. रिक्षातून एक बाई उतरल्या आणि त्यांच्यापाठोपाठ जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक उतरलं. बाईंचं नाव चारुशीला सावदेकर. राहायला रामदासपेठेत, एका मुलींच्या कॉलेजात व्यायामाच्या शिक्षिका, वय चौतीस, लग्न केलेलं नाही. हे शेवटचं रिक्षावाल्यापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना खटकत असे. चादर सोडली तेव्हा आतून चार बोटंसुद्धा रुंद नसलेली एक लांब फळी निघाली. तिचं पुढचं टोक तुटून लोंबत होतं.

"हे काय व्हय?" आनंदरावांनी विचारलं.

"स्की. बर्फावर घसरायची फळी. प्रत्येक पायाला एक. मला अशी नवी जोडी हवी आहे."

आनंदरावांनी फळी उचलून जोखली, कडेवरून डोळा लावून पाहिली. मे महिन्यात पंख्याची हवासुद्धा भाजते अशा गावात बर्फावरची फळी. त्यांना हसू आलं नाही, उलट बरं वाटलं. मल्लखांब करून करून ते कंटाळले होते.

चारुशीलांनी स्टुलावर बसून, पदर सावरत, हाताने खुणा करत सगळं सांगितलं. तीन वर्षं त्या सुट्ट्या साठवून गुलमर्गला जात होत्या. बाकीच्यांच्या बुटाची टाच फळीला जखडलेली असते, यांची मोकळी. बूट फक्त पुढून अडकतो. वळताना एक पाय पुढे टाकायचा, मागच्या पायाची टाच उचलायची आणि गुडघा जवळजवळ फळीला टेकवायचा. याला टेलिमार्क म्हणतात. इन्ग्रिड नावाच्या एका नॉर्वेच्या बाईने त्यांना ते शिकवलं होतं. ती परत गेली आणि जाताना आपले बूट, बुटाच्या पकडी आणि ही जुनी जोडी देऊन गेली. जोडीतली एक फळी रेल्वेत हरवली आणि दुसरी अशी मोडली. येत्या फेब्रुवारीत तिथे मोकळ्या टाचेचा वर्ग सुरू व्हायचा होता आणि त्यासाठी दोन शिकवणारे निवडायचे होते. वयाची अट पस्तीसच्या आत. फळ्या आपापल्या आणायच्या.

"एप्रिलमध्ये मला पस्तीस पूर्ण होतात," चारुशीला म्हणाल्या. "म्हणजे हीच एक संधी. निवड झाली तर मी कॉलेज सोडणार. दहा वर्षं पाहुण्यांसमोर पोरींचं मार्चपास्ट करून घेतेय, आनंदराव. दुसरं काही करू देत नाहीत."

"रुंदी किती पाह्यजे?"

"मधोमध सव्वादोन इंच."

"काहून?"

चारुशीलांनी पर्समधून एक घडी पडलेला कागद काढला. त्यावर इन्ग्रिडबाईच्या अक्षरात फळीचं चित्र होतं, लांबी, जाडी, टोकाचा बाक, सगळं होतं. मधल्या भागापाशी सव्वादोन इंच आणि खाली एक ओळ, याहून रुंद करू नकोस. बस्स. कारण लिहिलेलं नव्हतं.

"अवो बाई, तुमचं पाऊलच तीन इंच रुंद असन. फळी पावलाहून लहान? मानूस उभं कसं राह्यचं तिच्यावर?"

"राहतं उभं."

"ते खरं. पन सव्वादोनच काहून? अडीच काहून नाही?"

"मला माहीत नाही हो." त्यांचा आवाज चढला. "मी तिला पत्र टाकलं, उत्तर आलं नाही. घरी आई विचारते, बर्फावर काहून जायचं. भाऊ विचारतो, मोडलीस तर कोण बघेल. प्राचार्य विचारतात, कॉलेजला याचा काय उपयोग. आता तुम्ही पण विचारा."

आनंदराव फळीवरून हात फिरवू लागले. मनातून मात्र त्यांना झोंबलं. आपलं विचारणं आणि प्राचार्यांचं विचारणं या बाईने एकाच माळेत ओवलं होतं. त्यांनी मोडक्या टोकाकडे बोट केलं.

"हे मोडली काहून?"

"बर्फाखाली दगड होता."

आनंदराव "हं" म्हणाले. त्या "हं"चा अर्थ असा होता की दगड असेल, पण फळी चांगली रुंद असती तर मोडली नसती. त्यांनी काम घेतलं आणि चारुशीला रिक्षात बसून गेल्या.

लाकडाचा प्रश्न त्यांनी आठ दिवसांत सोडवला. कुऱ्हाडीच्या दांड्याचा धावडा लवचिक असतो, त्याच्या पट्ट्या खाली आणि वर सागाची पातळ पट्टी. टोक उकळत्या पाण्याच्या ड्रममध्ये मऊ करून वाकवायचं. दोन्ही कडांना लोखंडाची बारीक पट्टी स्क्रूने बसवायची. सगळं ठरलं. रुंदी तेवढी ठरेना. तो सव्वादोनचा आकडा त्यांच्या जेवणात खडा यावा तसा रोज दाताखाली येई. जे आपण पाहिलं नाही, ज्यावर आपण उभे राहिलो नाही, त्या जमिनीसाठी फळी कशी करायची? आणि ज्या बाईला करून द्यायची तिलाही कारण ठाऊक नाही. मग काय, मिस्त्रीने सांगितलं तेवढं काप, हेच पुन्हा करायचं?

डेपोचा चौकीदार विश्वनाथ पूर्वी फौजेत होता. आनंदरावांनी त्याला गाठलं.

"बरफ कसा असते गा?"

"कसा म्हंजे? पांढरा."

"ते मले बी मालूम हाये. पाय टाकला तं काय होते?"

"काय होते? कमरेपर्यंत जाते मानूस. लडाखले आमचा एक जवान असा गेला का फकस्त टोपी दिसून राहिली व्हती."

आनंदरावांना हवं होतं ते मिळालं. बर्फात माणूस रुततो. आता रुतणाऱ्या जमिनीची त्यांना चांगली ओळख होती, कारण कौसल्याबाईचं माहेर कुहीचं आणि तिचा भाऊ भैय्याजी धानाची शेती करी. जुलैत रोवणीच्या वेळी बांधीतला, म्हणजे धानाच्या खाचरातला, चिखल गुडघ्याएवढा असतो. आनंदरावांनी तीन जोड्या कच्च्या फळ्या रंधल्या, एक सव्वादोन इंचांची, एक तीन, एक साडेतीन. पुढच्या बाजूला गोणपाटाचे पट्टे ठोकले आणि बायकोला घेऊन एसटीत बसले. कंडक्टरने त्या फळ्यांचं वेगळं तिकीट लावतो म्हणून वाद घातला, तोही त्यांनी पूर्ण घातला.

कुहीच्या बायका रोवणी थांबवून बांधीच्या कडेला, धुऱ्यावर उभ्या राहिल्या. चोपन्न वर्षांचा जावई धोतर खोचून, पायाला फळ्या बांधून चिखलात उतरतो आहे, हे बघायला शेजारच्या बांधीतलेही आले. सव्वादोनच्या फळीवर आनंदराव उभे राहिले आणि सरळ खाली गेले. एक पाय निघेना. भैय्याजीने काखेत हात घालून ओढलं तेव्हा पाय आला, फळी आतच राहिली.

"भाऊजी, कोनासंग पैज लावली हाये काय हे?" भैय्याजीने विचारलं.

"तू धरून राह्य गा. दुसरी दे."

तीनवर ते घोट्यापर्यंत गेले. साडेतीनवर मात्र उभे राहिले. नुसते उभे राहिले नाहीत, दोन पावलं सरकले. धुऱ्यावरच्या बायका हसायच्या थांबल्या. आनंदरावांनी तिथेच, चिखलाने भरलेल्या हाताने, मिशीवरून बोट फिरवलं. त्यांना कारण सापडलं होतं. कुणी सांगितलेलं नव्हे, स्वतःच्या पायाने शोधलेलं.

परतताना कौसल्याबाईने एसटीत विचारलं, "तुमी त्या बाईले विचारलं काय, बरफ आपल्या बांधीवानीच असते म्हनून?"

"तिले काय विचारू वं? तिले तिच्या कागदाबाहेरचं काही मालूम नाही."

"तरी बी विचारा एकडाव."

"कौसल्ये, हे मी करून पाह्यलं हाये. तिनं फकस्त आनून देल्लं."

कौसल्याबाई खिडकीबाहेर बघत बसली. नवऱ्याशी वाद घालायचा तर आधी पन्नास प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात हे तिला पंचवीस-तीस वर्षांत पुरतं कळलं होतं.

फळ्या सुरेख झाल्या, यात वाद नाही. डेपोतले लोक हात फिरवून बघून जात. टोकाचा बाक असा आला होता की आनंदराव स्वतःच दिवसातून दोनदा गोणपाट बाजूला करून पाहत. जानेवारीच्या मध्यावर चारुशीला आल्या. गाडी चार दिवसांनी होती, दीड महिन्याची रजा मोठ्या मिनतवारीने मंजूर झाली होती. त्यांनी गोणपाट बाजूला केलं, क्षणभर चेहरा उजळला आणि लगेच पडला.

"आनंदराव, ही किती इंच आहे?"

"साडेतीन."

"मी सव्वादोन सांगितलं होतं."

"सांगितलं व्हतं. काहून ते नव्हतं सांगितलं."

मग आनंदरावांनी कुहीची सगळी हकीकत सांगितली. चिखल, तीन जोड्या, आत राहिलेली फळी. बोलता बोलता त्यांचा आवाज असा भरीव झाला की बाजूच्या चहाच्या टपरीवरचे हमालही ऐकू लागले. चारुशीला ऐकत होत्या आणि त्यांच्या कपाळाची शीर उडत होती.

"तुमी मले एक कारन सांगा," आनंदराव म्हणाले. "एकच. हे कडेच्या पट्ट्या मी आत्ता उकलतो, तीन दिवस बसून छाटून देतो. पन कारन सांगा."

चारुशीलांनी तोंड उघडलं. तीन वर्षं त्या तसल्याच अरुंद फळ्यांवर घसरल्या होत्या. गुडघ्यांना माहीत होतं, घोट्यांना माहीत होतं, पण तोंडाशी काही येईना. "ती चटकन फिरते," त्या म्हणाल्या. "एवढंच कळतं मला."

"चटकन फिरते म्हंजे चटकन पाडते बी."

टपरीवर कुणीतरी हसलं. चारुशीला स्टुलावर बसल्या. "शिंप्याला बर्फावर घालायची पँट मापाची सांगितली, त्याने ढगळ शिवली. म्हणे बाईमाणसाला बरं दिसतं. भावाने स्वेटर आणला तो दोन नंबर मोठा. तुम्ही फळी सव्वा इंच जास्त. मी सांगते त्या मापाचं मला कुणी काहीच का देत नाही?"

आनंदरावांना हे ऐकून वाईट वाटलं, पण कारण म्हणून त्यांनी ते धरलं नाही. कारण नव्हतंच ते, तक्रार होती. आणि खरं सांगायचं तर चारुशीलांच्या मनातही त्या चिखलाने घर केलं होतं. हा माणूस निदान चिखलात उतरून आला होता. आपण काय केलं, एक कागद दाखवला. कदाचित इन्ग्रिडबाईच्या देशातला बर्फ वेगळा असेल. ताजा भुसभुशीत बर्फ पडला तर रुंद फळी बरी पडेल. असं मनाशी घोळवत त्यांनी फळ्या उचलल्या. शेडमध्ये पायात घालून बघाव्या असं त्यांना एकदा वाटलं, पण अंगावर साडी होती, टपरीवर आठ-दहा हमाल होते, आणि आनंदरावांनीही तसं म्हटलं नाही. परक्या बाईला, त्यातून कॉलेजच्या मास्तरीणबाईंना, गुडघा टेकवून दाखवा असं म्हणायचं त्यांच्या स्वप्नातही आलं नसतं.

फेब्रुवारीभर आनंदराव खुशीत होते. गिऱ्हाइकांना ते आता आपण होऊन सांगत की आपल्या हातची फळी काश्मीरच्या बर्फावर गेली आहे. विश्वनाथने तर ती बातमी डेपोच्या फाटकात उभं राहून अर्ध्या लकडगंजाला दिली.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात रिक्षा पुन्हा शेडपुढे थांबली. मागे आडवं धरलेलं तेच गोणपाटाचं गाठोडं होतं. ते बघून आनंदरावांनी हातातला रंधा खाली ठेवला. चारुशीला लंगडत आत आल्या आणि गाठोडं भिंतीला टेकवलं.

"तुमच्या फळ्या," त्या म्हणाल्या. "बूटही आत आहेत. सगळं ठेवून घ्या. मला घरात नको."

"काय झालं, बाई?"

"काय व्हायचं? निवड झाली नाही."

आनंदरावांनी स्टूल पुढे सरकवलं. पण या वेळी चारुशीला न विचारता बोलल्या, उभ्या उभ्याच. परीक्षेचा उतार हॉटेलांसमोरचा होता. दिवसभर हजार माणसं त्याच्यावर चालत, घसरत, घोडे जात. दुपारी तो वितळे, रात्री गोठे आणि सकाळी तुमच्या या शेडच्या कोब्याइतका टणक होई. रुतायचा प्रश्नच नव्हता. चिखल तिथे नव्हताच.

"टणक बर्फावर फळी सपाट ठेवली तर ती सरळ जाते," त्या म्हणाल्या. "वळायचं असेल तर ती कडेवर उभी करावी लागते. दोन्ही फळ्या, एकदम. माझा बूट मऊ चामड्याचा, टाच मोकळी. फळी अरुंद असली की कड पायाच्या बरोबर खाली येते, नुसता घोटा कलवला की उभी राहते. तुमची कड पायाच्या बाहेर कुठेतरी लांब. मी कलते, बूट कलतो, फळी तशीच. पहिल्यांदा सरळ कडेला बांधलेल्या दोरीत गेले. दुसऱ्यांदा परीक्षकांच्या अंगावर. तिसऱ्यांदा पाय मुरगळला. हे कारण, आनंदराव. तुम्हाला हवं होतं ना? तिथे पडल्यावर मला ते स्वच्छ कळलं."

आनंदराव भिंतीला टेकलेल्या गाठोड्याकडे बघत राहिले. चोवीस-पंचवीस वर्षांत पहिल्यांदा काम परत आलं होतं. त्यांना वाटलं होतं, असं कधी झालंच तर आपण भांडू, लाकडाला दोष देऊ, वापरणाऱ्याला दोष देऊ. पण त्यांनी गाठोडं सोडून फळ्या कोब्यावर ठेवल्या.

"मले दाखवता?" त्यांनी विचारलं. "कसं उभं राह्यता ते?"

"इथे?"

"इथंच."

चारुशीलांनी टपरीकडे पाहिलं. हमाल होतेच. मग त्यांनी पदर कमरेला खोचला, साडी वर घेतली, बूट चढवले आणि फळ्यांवर उभ्या राहिल्या. एक पाय पुढे, मागची टाच वर, गुडघा खाली. टपरीवर कुणी हसलं नाही. आनंदराव कोब्यावर पालथे झाले आणि गाल जवळजवळ जमिनीला लावून बघू लागले. "आता वळा," ते म्हणाले. चारुशीलांनी घोटा कलवला. बूट तिरपा झाला, चामडं चुरगळलं, आणि फळी कोब्याला तशीच चिकटून राहिली. पुन्हा कलवला, पुन्हा तेच. मिनिटभराचं काम होतं. कुहीला जायची गरज नव्हती. गेल्या जूनमध्ये, याच कोब्यावर, त्या मोडक्या फळीवर या बाईंना एकदा उभं केलं असतं तर पालथं पडून त्यांना सगळं दिसलं असतं.

त्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि बुटाच्या तळाच्या दोन्ही बाजूंनी, जिथे वजन खरोखर पडत होतं तिथे, फळीवर खुणा केल्या. चारुशीला उतरल्यावर टेप लावली. सव्वादोन इंच आणि वर जेमतेम अर्धं सूत.

ते उठले नाहीत. तिथेच उकिडवे बसून राहिले. त्यांना सतराव्या वर्षीची एक गोष्ट आठवली, जी ते कौसल्याबाईलाही कधी बोलले नव्हते. आरा मशीनवर एका फळीला हात लावून ते म्हणाले होते, ही पिळेल. त्या दिवशी मिस्त्रीने पहिल्यांदा आणि शेवटचं विचारलं, काहून? त्यांना सांगता आलं नाही. हाताला तसं वाटलं होतं, एवढंच. सगळे पोट धरून हसले आणि ती फळी दिवाळीच्या आत पिळली. चाळीस वर्षं त्यांनी ते हसणं मनात धरून ठेवलं आणि कारण शोधत राहिले. आपण त्या दिवशी कारणाशिवाय बरोबर होतो, हे मात्र साफ विसरले. आणि आता टपरीवर लोक बसलेले असताना त्यांनी या बाईंना तोच प्रश्न तसाच विचारला होता. लाज वाटली त्यांना, कान तापण्याइतकी.

"चुकलं माझं, बाई," ते म्हणाले.

"हो, चुकलं," चारुशीला म्हणाल्या. "माझंही चुकलं, मी ऐकलं तुमचं. पण मला तुमचा राग आहे आनंदराव, आणि तो लवकर जायचा नाही. सोमवारी माझी रजा संपतेय. कोणी पाहुणे येणार आहेत म्हणून मार्चपास्ट आहे."

आनंदराव उठले. फळी उचलून त्यांनी कामाच्या पाटावर आडवी धरली आणि कडेच्या पट्टीचे स्क्रू काढायला लागले.

"काय करता?"

"छाटून राहिलो."

"कशाला आता? पुढच्या महिन्यात वय जाईल. निवड झाली, मनालीची दोन पोरं घेतली."

आनंदरावांनी शेवटचा स्क्रू काढला. त्यांनी पट्टी बाजूला ठेवली, फळी शिकंज्यात आवळली आणि रंधा मारला. दोन्ही बाजूंनी थोडं थोडं घेतलं, मग फळी जमिनीवर ठेवून त्यांच्याकडे पाहिलं.

"एवढं?"

चारुशीला निघून जाणार होत्या. पण त्या फळीवर चढल्या, मुरगळलेला पाय जपून ठेवला, घोटा कलवला. "नाही. अजून."

त्यांनी अजून घेतलं. "एवढं?"

"अजून थोडं."

पेन्सिलीची खूण फळीवर होती, त्या खुणेपर्यंत एका दमात जाता आलं असतं. आनंदराव खुणेकडे बघतच नव्हते. प्रत्येक वेळी फळी सोडवत, खाली ठेवत, विचारत, पुन्हा आवळत. टपरीवरचे हमाल चहा संपवून केव्हाच कामाला गेले. पाचव्या वेळी चारुशीलांनी घोटा कलवला आणि फळी अलगद कडेवर उभी राहिली. दुसऱ्या बाजूला कलवला, तशीच पुन्हा उभी राहिली.

"बरोबर?" आनंदरावांनी विचारलं.

"बरोबर," चारुशीला म्हणाल्या, आणि मग स्टुलावर बसून, तोंडावर पदर न घेता, मोठ्याने रडल्या.

रडणं थांबल्यावर आनंदरावांनी दुसरी फळी शिकंज्यात घेतली.